भोंगाताईंची जबानी

भोंगाताईंची जबानी मी लिहून घेतली होती. चौकशी अधिकाऱ्यांच्या डाव्या हाताला बसून, सलग तीन तास. तेव्हा मी पाणी खात्यात लेखनिक होतो. त्यांच्याबद्दल बोलायचा मला कितपत हक्क आहे हा प्रश्नच आहे, पण आता दुसरं कोणी बोलेल अशी चिन्हं नाहीत.

आमच्या शहराच्या मधून एक कालवा जातो. शहरात शिरतो तिथे त्याच्या काठाला मातीचा बांध आहे आणि बांधाच्या पलीकडे, सखल जागेत, चारपाचशे घरं. तिला सगळे बांधाखालची वस्ती म्हणतात. तिथून पुढे दहा मिनिटं चाललं की चौकी लागते. चौकीपाशी कालव्याचे दोन फाटे होतात. एक दगडी भिंतींमधून थेट जुन्या बाजारात जातो. दुसरा शहराला बाहेरून वळसा घालून नदीला मिळतो, म्हणून त्याचं नावच वळसा. बाजाराच्या फाट्याच्या तोंडाशी लोखंडाची तीन दारं होती. पाणी वाढलं की ती बंद करायची, म्हणजे पाणी वळशाने निघून जातं. वळसा कमी पडला तर मात्र पाणी दारांमागे तुंबतं, चढत जातं आणि शेवटी बांधावरून वस्तीत उतरतं. म्हणून नियम असा होता: मोजपट्टीवर चौदा फूट दिसले की भोंगा वाजवायचा, अर्धा तास थांबायचं आणि मग बाजाराची दारं थोडी थोडी उचलायची.

"थोडं थोडं सगळ्यांनी सोसायचं, म्हणजे कोणी बुडत नाही," असं ताई सांगायच्या.

दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी, सकाळी दहाच्या ठोक्याला, त्या भोंग्याची चाचणी घ्यायच्या. त्यावरून खात्यात त्यांना भोंगाताई म्हणायला लागले. त्यांनाही ते ठाऊक होतं. एकदा पगाराच्या दिवशी रांगेत कोणीतरी मागून हळूच म्हणालं, "भोंगा आला." ताई मागे वळून म्हणाल्या, "आला की कामाला लागायचं असतं, बोलत उभं नाही राहायचं." रांग हसली.

बाविसाव्या वर्षी त्या मोजपट्टी वाचायच्या कामावर लागल्या. चौकीवरच्या म्हाताऱ्या जमादाराने त्यांना दारांचं काम शिकवलं. विजेची मोटर होती, पण पावसात तिचा भरवसा नसे. मग हाताने चाक फिरवायचं. दार एक फूट उचलायला चाकाचे अडुसष्ट फेरे लागत. पुढे जमादार गेला आणि ती जागा ताईंनाच मिळाली. सव्वीस वर्षं त्यांनी ते चाक फिरवलं. उजवा खांदा डाव्यापेक्षा एवढा भरला होता की शिंप्याला दोन्ही बाह्यांची मापं वेगवेगळी घ्यावी लागत.

लग्न केलं नाही. आई गेली तेव्हा धाकटा भाऊ दहा वर्षांचा होता, ताईंहून अकराने लहान. त्याला त्यांनीच वाढवलं. शिकण्यात त्याचं डोकं नव्हतं, पण हात फार हुशार होता. शिवणयंत्रं दुरुस्त करायला शिकला आणि जुन्या बाजारात एका तळघरात त्याने दुकान मांडलं. बांधाखालच्या वस्तीत आईचं घर होतं, ते ताईंनी त्याला दिलं. तिथे तो, त्याची बायको आणि दोन मुली राहायच्या. ताई चौकीमागच्या खात्याच्या दोन खोल्यांत.

आता ज्या दिवशी हे सगळं झालं त्या दिवसाकडे येतो. त्याच्या आधी दोन गोष्टी सांगायला हव्यात, कारण दोन्हींचे कागद माझ्या हातून गेले होते.

वळशाच्या कडेने नवा रस्ता होत होता. ठेकेदाराच्या गाड्या पाडलेल्या भिंतींचा राडारोडा सरळ वळशात ओतत होत्या. ताईंनी चार पत्रं दिली. चारही पत्रांवर आवक शिक्का मी मारला. दुसरी गोष्ट भोंग्याची. भोंग्याचे दोन कर्णे होते, एक चौकीवर आणि एक बाजारात. दर महिन्याच्या चाचणीने गिऱ्हाईक दचकतं, अशी व्यापारी मंडळाच्या अध्यक्षांनी तक्रार केली. आमच्या साहेबांनी, म्हणजे कालव्याच्या अभियंत्यांनी, बाजारातला कर्णा दुरुस्तीच्या नावाखाली उतरवून घेतला. आठ महिने तो आमच्या कार्यालयात जिन्याखाली पडून होता. त्यावर लोक छत्र्या अडकवायचे. मीही अडकवली आहे.

तो मंगळवार होता. वरच्या बाजूला तीन दिवस पाऊस लागला होता. दुपारी एकला मोजपट्टीवर बारा फूट होते, दारं सकाळपासूनच बंद. दोनला साडेतेरा झाले. वळसा पाणी ओढतच नव्हता. राडारोड्यापाशी ते गोल गोल फिरत होतं. दोन वीसला चौदा. ताईंनी साहेबांना फोन लावला. तो सगळा संवाद चौकीवरच्या जाळीवाल्याने ऐकला. कचरा अडवायची जाळी साफ करणारा हा म्हातारा पुढे चौकशीतही तेच बोलला, पण त्याचं कोणी मनावर घेतलं नाही.

"साहेब, चौदा झाले. भोंगा देते."

"थांबा. बाजारात मोसमाचा माल भरलाय. मी निघालोच आहे. मी आल्याशिवाय दारांना हात लावायचा नाही."

"नियम चौदाचा आहे."

"नियम मला शिकवू नका, ताई."

"मग तसं लेखी पाठवा."

"आलोच म्हणतोय ना मी?"

साहेब आले नाहीत. नंतरचे तीन फोन उचलले गेले नाहीत. ताईंनी चौकीवरचा भोंगा दिला आणि जाळीवाल्याला सायकलवरून बाजारात पिटाळलं, की प्रत्येक तळघरात ओरडून सांग, वर या म्हणून. मग त्या बांधावर जाऊन आल्या. आतल्या अंगाला माती ओली झाली होती, दोन ठिकाणी बोटभर पाझर सुटला होता. परत आल्या तेव्हा मोजपट्टी चौदा फूट नऊ इंच दाखवत होती.

त्यांच्या हातात फोन होता. भावाचा नंबर पाठ होता. तो त्या वेळी तळघरात यंत्रं खोलून बसलेला असणार हेही माहीत होतं. त्यांनी फोन केला नाही. मला त्यांनी हे फार नंतर सांगितलं. "दीडशे तळघरं होती तिथे," म्हणाल्या, "त्यातल्या एकालाच फोन करायचा? मग मी कसली चौकीवर बसलेली?"

भोंग्याला अर्धा तास पुरा होऊन वर दहा मिनिटं गेल्यावर त्यांनी चाकाला हात घातला. मोटर बंदच होती. पहिलं दार दोन फूट, दुसरं दोन फूट, तिसरं एक फूट. तीनशे चाळीस फेरे, एकट्याने. पाच वाजेपर्यंत मोजपट्टी तेरावर आली.

बाजारात कोणी मेलं नाही. जाळीवाला घसा बसेपर्यंत ओरडला होता. पण तळघरं छतापर्यंत भरली. कापड, कागद, चामडं, सगळ्याचा लगदा झाला. भावाच्या दुकानात लोकांची एकेचाळीस यंत्रं होती. दुसऱ्या दिवशी ताई तिथे गेल्या तेव्हा तो पायरीवर बसून एका यंत्रातला चिखल चमच्याने काढत होता.

"एक फोन करायचा होतास, ताई," तो म्हणाला.

"सगळ्यांना करता आला नसता."

"मी सगळ्यांतला आहे का?"

त्याने चमचा खाली ठेवला नाही.

वस्तीत थेंबसुद्धा आला नव्हता. त्यामुळे तिथे कोणाला काही झाल्यासारखं वाटलंच नाही. उलट वस्तीतले निम्मे लोक बाजारात हमाली, शिलाई, बांधणी करणारे. त्यांची कामं गेली. नळावर एक बाई ताईंना तोंडावर म्हणाली, "आमच्या दारात पाणी आलं नाही, आमच्या पोटावर आलं. मग तुम्ही वाचवलंत कुणाला?" ताईंनी तिला बांधाचा पाझर दाखवायला नेलं. तोवर माती वाळली होती.

आठवड्याभरात चौकशी बसली. साहेबांनी सांगितलं की आपण फोनवर "नियमाप्रमाणे करा" एवढंच म्हणालो, घाई ताईंनी केली. व्यापारी मंडळाने शोधून काढलं होतं की ताईंचा भाऊ वस्तीत राहतो. चौकशी अधिकाऱ्यांनी तोच धागा धरला.

"बांधाखालच्या वस्तीत तुमचं कोण राहतं?"

"धाकटा भाऊ. त्याची बायको, दोन मुली."

"दार उचलताना त्यांचा विचार तुमच्या मनात आला होता?"

त्यांनी नाही म्हणावं, असं मला मनापासून वाटत होतं.

"आला होता," त्या म्हणाल्या. "त्याच्या दुकानाचाही आला होता. दुकान बाजारात आहे, तळघरात. ते बुडणार हेही मला दिसत होतं."

मी सगळं लिहिलं. अधिकाऱ्यांनी माझ्या कागदावर बोट ठेवलं. "घराचा प्रश्न विचारलाय. उत्तर काय आलं? हो. 'हो' एवढंच लिहा."

मी तो कागद बाजूला सारला, नवा घेतला आणि "हो" एवढंच लिहिलं. ताई माझ्या हाताकडे बघत होत्या. शेवटी सहीसाठी कागद पुढे केले तेव्हा त्यांनी सावकाश वाचले.

"यात दुकान नाही."

"दुकानाचं कोणी विचारलं नव्हतं," अधिकारी म्हणाले. "सही करत नसाल तर सहकार्य केलं नाही असं नमूद करावं लागेल."

त्यांनी सही केली.

दुकान होतं हे सांगायला भाऊ पुरे होता. दुसऱ्या दिवशी अकराला त्याला साक्षीला बोलावलं होतं. पण ते तळघर मंडळाच्या अध्यक्षांचं होतं आणि कागदोपत्री रिकामं दाखवलेलं. तिथे दुकान होतं असं म्हटलं असतं तर अध्यक्ष अडचणीत आले असते आणि त्याला बाजारात परत पाय ठेवता आला नसता. तो आला नाही. ताई जेवणाच्या सुट्टीपर्यंत दाराकडे तोंड करून बसल्या होत्या. सुट्टी झाल्यावर त्यांनी खुर्ची फिरवून घेतली.

निकालपत्र मीच टंकलं: नात्यातल्या माणसांच्या हितासाठी अधिकाराचा गैरवापर. ताईंना चौकीवरून काढलं, एक पायरी खाली उतरवलं आणि आमच्या कार्यालयाच्या कागदपत्रांच्या खोलीत बसवलं. चौकीमागच्या खोल्या पंधरा दिवसांत सोडायला लावल्या. साहेबांना पुढच्याच वर्षी बढती मिळाली.

कागदपत्रांच्या खोलीचं दार माझ्या टेबलासमोर उघडायचं. पाच वर्षं आम्ही एकमेकांसमोर होतो. त्या जबानीचा विषय त्यांनी काढला नाही. मी त्यांच्याशी गरजेपेक्षा जास्त गोड बोलायचो. त्या कामापुरतं बोलायच्या. दरम्यान दारांना नव्या मोटरी बसल्या, सगळं मुख्य कार्यालयातल्या संगणकावरून चालू झालं. जुनं चाक काढून आणलं, त्याला पांढरा रंग दिला आणि कार्यालयाच्या बागेत फुलझाडांच्या मधोमध उभं केलं. ताई रोज सकाळी त्याच्या शेजारून आत यायच्या. एकदा मी त्यांना म्हटलं, "छान दिसतं, नाही?" त्या म्हणाल्या, "वंगण घातलं नाहीये. गंजेल."

संगणकात कुठल्या पातळीला दारं उघडायची हे भरायचं होतं. व्यापारी मंडळाचं शिष्टमंडळ येऊन गेलं आणि चौदाऐवजी सतरा फूट ठरलं. तो आदेशही मीच टंकला. त्याची प्रत फाईलला लावायला ताईंकडे गेली आणि त्या उठून माझ्या टेबलापाशी आल्या.

"सतरा?"

"वरून आलंय, ताई."

"बांध पावणेपंधराला पाझरला होता. मी हात लावून बघितलाय."

"लेखी द्या," मी म्हणालो. माझ्या तोंडून ते किती सहज गेलं.

त्यांनी लेखी दिलं. पत्र महिन्याने परत आलं. समासात तांबड्या शाईने शेरा होता: "सदर कर्मचारी यापूर्वी दोषी ठरलेल्या आहेत. दखल घेण्याचे कारण नाही." ताईंनी ते पत्र स्वतःच्याच हाताने फाईलला लावलं.

पुढच्या पावसाळ्यात एका गुरुवारी सकाळी दहाच्या सुमारास बांध फुटला. मोजपट्टीवर पंधरा फूट चार इंच होते आणि संगणक सतराची वाट बघत होता. दारं बंद होती. बाजार कोरडा राहिला. वस्तीत अकरा माणसं गेली. भावाची बायको त्यांतली एक. ती घरात एकटी होती; मुली शाळेत होत्या, तो दुकानात. त्या वर्षी त्याला अध्यक्षांनी वरच्या मजल्यावर जागा दिली होती.

तो मुलींना घेऊन ताईंच्या भाड्याच्या दोन खोल्यांत आला. दोघांच्यात पाच वर्षं बोलणं नव्हतं. दार उघडल्यावर ताईंनी मुलींना आत घेतलं, त्यांचे कपडे बदलले, त्यांना जेवायला वाढलं. भावाला म्हणाल्या, "तू बाहेरच्या खोलीत झोप."

नवी चौकशी लागली. या वेळी दोषी कोणीच सापडेना. दारं माणसाने बंद ठेवली नव्हती, आणि आकडा कुणी ठरवला हे बैठकीच्या इतिवृत्तात नव्हतं. वस्तीतले लोक ताईंकडे आले. नळावरची ती बाईही होती, तिचा नवरा गेला होता. भाऊ म्हणाला, "ताई, तू सांग त्यांना. बांध केव्हा पाझरतो ते तुलाच माहीत आहे."

"मी सांगून झालंय," ताई म्हणाल्या. "एकदा तोंडी, एकदा लेखी. तुला बोलावलं होतं तेव्हा तू कुठे होतास?"

लोक उठायला लागले. तेव्हा ताईंनी चप्पल घातली आणि म्हणाल्या, "चला. किती वाजता बसतात ते?"

त्यांना दोन तास बाहेर बसवलं आणि मग आत घेतलं. नवे अधिकारी सभ्य होते. त्यांनी ताईंना पाणी दिलं आणि समजावून सांगितलं की ज्या कर्मचाऱ्यावर याच दारांच्या बाबतीत नात्याच्या हितासाठी वागल्याचा ठपका आहे, आणि ज्याच्या नात्यातली व्यक्ती आता मृतांमध्ये आहे, त्याची साक्ष टिकणार नाही. उगाच सगळ्यांचंच प्रकरण कमजोर होईल. भाऊ मध्येच म्हणाला, "साहेब, माझं दुकान बाजारात होतं. तिने ते बुडवलं. मी सांगतो तसं." अधिकारी म्हणाले, "ते प्रकरण बंद झालेलं आहे."

त्या तिथून सरळ माझ्या टेबलाशी आल्या. मला वाटलं, एवढ्या वर्षांनी आता रागावतील. पण त्या खुर्ची ओढून बसल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "त्या दिवशी मी काय बोलले होते, आठवतं तुम्हाला?"

"आठवतं."

"शब्दन् शब्द?"

"शब्दन् शब्द."

"मग तेवढं लिहून द्या. ठपका हलला तर माझं म्हणणं ऐकतील. अकरा माणसं गेलीत."

माझ्या निवृत्तीला आठ महिने होते. जबानी बदलल्याचं मीच कबूल करायचं म्हणजे आधी माझ्यावरच कारवाई. मुलगी बाळंतपणाला आलेली, घराचं काम अर्धवट. हे सगळं मी त्यांना सांगितलं. सांगताना मला ते खरंही वाटत होतं. शेवटी म्हणालो, "आठ महिने थांबा, ताई. सुटलो की देतो."

त्यांनी मान हलवली आणि खुर्ची होती तिथे नेऊन ठेवली.

चौकशी पाच महिन्यांत आटोपली. निष्कर्ष असा की पाऊस अभूतपूर्व होता आणि बांध जुना होता. ताई त्याच सुमारास निवृत्त झाल्या. निरोप समारंभ ठेवू नका असं त्यांनी आधीच सांगितलं होतं.

मी निवृत्त झालो त्याच्या दुसऱ्या आठवड्यात बसून दोन पानं लिहिली. प्रश्न, उत्तर, अधिकाऱ्यांचं बोट, बदललेला कागद, सगळं. खाली सही केली, तारीख घातली आणि ताईंच्या घरी गेलो. तिसरा मजला, अरुंद जिना. खिडकीपाशी भाऊ एका शिवणयंत्राचं खालचं झाकण उघडून बसला होता. बाजार त्याने सोडला होता. मोठी मुलगी त्याला दिवा धरून उभी होती, धाकटी जमिनीवर पालथी पडून शाळेचं काहीतरी लिहीत होती. ताईंनी मला ओळख दाखवली, बसा म्हटलं नाही.

मी कागद दिला. त्यांनी चष्मा लावला आणि उभ्यानेच वाचला. दोन्ही पानं, सावकाश, सहीपर्यंत.

"अक्षर सुंदर आहे तुमचं," त्या म्हणाल्या.

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. त्यांनी कागदाची घडी घालून तो माझ्या हातात परत दिला आणि धाकटीच्या शेजारी खाली बसल्या.

"कुठपर्यंत आलं?" त्यांनी तिला विचारलं. ती वहीतलं दाखवायला लागली. भावाने एकदाही मान वर केली नव्हती. मी दार हलकेच ओढून घेतलं आणि खाली उतरलो.